कूलर तर घरोघरी आहे, मग काकूलाच का?

पेशंट: बाई, वय ५४, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. शिलाई आणि पिको-फॉलचं दुकान. विडी, सिगारेट, तंबाखू काही नाही. तक्रार कोरडा खोकला, चालताना दम आणि संध्याकाळची कणकण. चार उन्हाळे झाले.

केस पेपरवर एवढंच होतं. ही माझी चुलत काकू. मी पुण्यात एका लॅबमध्ये फुप्फुसाच्या फायब्रोसिसवर, म्हणजे फुप्फुस आतून घट्ट होत जातं त्या प्रकारावर, काम करतो (डॉक्टर नाही, गोळ्यांचे डोस मला विचारू नका), म्हणून तिची फाईल फिरत फिरत माझ्याकडं आली. तिला विचारूनच लिहितोय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सुरुवात पहिल्या उन्हाळ्यापासून करतो कारण सगळी गोम त्या क्रमातच आहे. एप्रिलमध्ये खोकला सुरू झाला, संध्याकाळी सहा-सातला अंग मोडून यायचं, थोडा ताप, सकाळी उठली की बरं. गावातल्या दवाखान्यात रक्त तपासलं, आपल्याकडं उन्हाळ्यात ताप म्हणलं की टायफॉईड निघतोच तसा निघाला, सलाईन लागली, जून संपता संपता बाई ठणठणीत. दुसऱ्या उन्हाळ्यात तेच परत, ह्यावेळी दमा म्हणून पंप दिला, पंपानं काडीचा फरक पडला नाही, पण पाऊस पडला आणि खोकला गेला. तिसऱ्या उन्हाळ्यात वजन उतरलं, एक्स-रे काढला तर दोन्ही बाजूला पुसट डाग, मग काय, टीबी. थुंकीत जंतू सापडले नव्हते तरी मे महिन्यात टीबीच्या गोळ्या चालू झाल्या. आणि जुलैत ती बरी झाली! आता सांगा, घरातला कोण माणूस म्हणेल की हा टीबी नव्हता? सहा महिन्यांचा कोर्स पूर्ण केला, गावभर झालं की बाई टीबीतून वाचली. ज्या डॉक्टरनं दिल्या त्यांना मी फार दोष देणार नाही, आपल्या भागात वजन उतरलेलं, खोकला, संध्याकाळचा ताप आणि डागाळलेला एक्स-रे असला तर पहिला विचार टीबीचाच येणार आणि यायलाच पाहिजे. फक्त पुरावा शोधायचा राहिला आणि कॅलेंडर कुणी बघितलं नाही.

चौथ्या उन्हाळ्यात मात्र गणित बदललं. पाऊस आला, खोकला कमी झाला, पण दम गेलाच नाही. दिवाळीत फराळाचं करताना ओट्याजवळ उभी राहिली तरी धाप. संतोष (तिचा पोरगा) फोनवर म्हणला, "आईला आता जिना चढवेना गेला, दोन पायऱ्या चढली की बसायलीय, काय करावं?" मग संभाजीनगरला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं आणि इथून खरा तपास सुरू झाला.

डॉक्टरांनी स्टेथोस्कोप लावला तर पाठीच्या खालच्या भागात दोन्हीकडं श्वास आत घेताना चरचर आवाज, वेल्क्रोची पट्टी ओढल्यावर येतो तसलाच. बोटाला ऑक्सिजन बसल्या जागी ९४, सहा मिनिटं चालवल्यावर ८६. फुंकर मारायच्या टेस्टमध्ये एफव्हीसी, म्हणजे पूर्ण भरून सोडलेली हवा, अपेक्षेच्या ५८ टक्के, पण पहिल्या सेकंदात बाहेर पडणाऱ्या हवेचं प्रमाण चांगलं. म्हणजे नळ्या तुंबलेल्या नाहीत, दमा नाही, फुप्फुसच आक्रसलंय. डीएलसीओ ४४ टक्के, म्हणजे हवेतून रक्तात वायू जायची वाटच जाड झालीय. एचआरसीटीत, म्हणजे छातीच्या बारकाईनं काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये, काचेवर वाफ धरावी तसा धूसरपणा, त्यात मधेमधे काळे चट्टे जिथं हवा अडकून पडलीय, आणि खालच्या भागात थोडे ताणून रुंद झालेले वायुमार्ग. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

एवढ्यावर त्या डॉक्टर मॅडमनी जो प्रश्न विचारला तो चार वर्षांत कुणीच विचारला नव्हता. कबुतरं आहेत का, कोंबड्या, घरात ओल, बुरशी, भुसार माल, आणि कूलर? संतोष हसला, म्हणला मॅडम परभणीत कूलर नसलेलं घर दाखवा. पण काकूनं मधेच सांगितलं की ह्याच मे महिन्यात ती बहिणीकडं पुण्याला लग्नाला म्हणून गेली आणि तीनेक आठवडे राहिली, तिकडं खोकला पार बंद, आणि परत येऊन दुकानात बसली त्याच संध्याकाळी ताप. घरच्यांनी ह्याचा अर्थ "पुण्याची हवा मानवली" असा लावला होता.

दुकान बघितलेलं असल्यामुळं मला चित्र लगेच डोळ्यापुढं आलं. दहा बाय बाराची पत्र्याची खोली, मशीन भिंतीला लागून, आणि तिच्या पाठीमागं दीड हाताच्या अंतरावर तो लोखंडी कूलर, सकाळी अकरापासून रात्री आठपर्यंत थेट पाठीवर. आता इथं मराठवाड्याची खास गोष्ट सांगतो. कूलरची टाकी आठवड्याला रिकामी करून घासून परत भरायची असते हे सगळ्यांना माहितीय, पण नळाला आठ दिवसाआड पाणी येत असेल आणि टँकरचं पाणी विकत घेत असाल तर पन्नास-साठ लिटर पाणी गटारीत सोडायचं कुणाच्या जीवावर येणार? ज्या भागात २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, तिथं कूलरचं पाणी कुणी फेकत नाही, उरलेल्यावरच वरून भर घालतात. मार्चमध्ये बसवलेलं गवत जूनपर्यंत तेच, बोअरच्या पाण्याचे क्षार चढून पांढरं पडलेलं, टाकीच्या तळाला बुळबुळीत थर. संतोषनं त्या थराचा फोटो पाठवला होता, तो इथं वर्णन करत नाही.

निदान झालं हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस, म्हणजे श्वासातून आत गेलेल्या बुरशीसारख्या कणांवर फुप्फुसानं वाजवीपेक्षा जास्त चवताळणं, पुढं एचपी म्हणतो. नवीन आजार नाही. बुरसलेलं गवत हाताळणाऱ्या शेतकऱ्यांना होणारा "फार्मर्स लंग" इंग्लंडात १९३२ सालीच नोंदवला गेलाय. भारतात मात्र ह्याचं वजन किती आहे ते २०१७ साली छापून आलेल्या राष्ट्रीय नोंदणीतून कळलं, १९ शहरांतल्या २७ केंद्रांवर असल्या आजारांचे (इंटरस्टिशियल म्हणजे वायुकोशांच्या भिंतींचे) १०८४ पेशंट नोंदवले त्यात ४७.३ टक्के एचपीचे निघाले, आणि त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या लोकांचा कूलरशी संबंध होता. हा आकडा वाचून लगेच कूलर फोडायला धावू नका, ती पेशंटची नोंदणी होती, शेजारी निरोगी लोकांचा गट ठेवलेला नव्हता, आणि उत्तर भारतापासून आपल्यापर्यंत बऱ्याच लोकांकडं कूलर असतोच. संतोषचा प्रश्न अगदी हाच होता आणि मला तो फार आवडला: "कूलर तर सगळ्यांकडंय, बाबा पण त्याच घरात झोपतात, मग आईलाच का?"

ह्या प्रश्नाचं उत्तर पेशींच्या पातळीवर उतरल्याशिवाय मिळत नाही.

बुरशीचे कण पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असले की नाकात, घशात न अडकता थेट वायुकोशापर्यंत पोचतात (अ‍ॅस्परजिलसचा बीजाणू दोन-तीन मायक्रॉनचाच असतो). तिथं पहारा मॅक्रोफेज पेशींचा. त्यांच्या अंगावर डेक्टिन-१ आणि टोल-लाइक रिसेप्टर (ओळख पटवणारी प्रथिनं) असतात, बुरशीच्या भिंतीतली बीटा-ग्लुकन साखर त्यांना ओळखू येते, की लगेच टीएनएफ-अल्फा, आयएल-८ वगैरे दाहाच्या संदेशांची हाकाटी सुरू. आधी न्यूट्रोफिल (एक जातीच्या पांढऱ्या पेशी) येतात, म्हणून चार ते आठ तासांनी ताप. काकू अकराला दुकानात बसायची आणि सहाला कणकण यायची, पुस्तकात लिहिल्याबरहुकूम. त्यानंतर टी पेशी येतात, इंटरफेरॉन-गॅमा सोडतात, मॅक्रोफेज एकमेकांना चिकटून गाठी करतात, त्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीतही ग्रॅन्युलोमाच होतो! फरक इतकाच की टीबीचा बहुतेक वेळा घट्ट आणि मधे कुजलेला असतो, एचपीचा विस्कळीत, मधे कूज नाही. काकूची दुर्बिणीतून तपासणी केली तेव्हा फुप्फुस धुतलेल्या पाण्यात लिम्फोसाइट (टी पेशी ह्यातल्याच) ४२ टक्के निघाले (निरोगी माणसात १५ च्या आत असतात), टीबीची जनुकीय टेस्ट निगेटिव्ह आणि छोट्या तुकड्यात तोच विस्कळीत ग्रॅन्युलोमा.

अजून एक गोष्ट इथंच सांगतो कारण लोक कायम विचारतात. ही दम्यासारखी अ‍ॅलर्जी नाही. दम्यातली अ‍ॅलर्जी आयजीई अँटिबॉडीची, एचपीत आयजीजी आणि टी पेशींचा खेळ. म्हणून काकूची अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी नॉर्मल आली होती, आणि म्हणूनच पंप आणि सर्दीच्या गोळ्या वाया गेल्या.

आणि ती सतत भराभर, उथळ श्वास घ्यायची, विचारलं तर म्हणायची "मोठा श्वास घ्यायचंच जमंना रे". ह्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचं काम आठवतं, औतार सिंग पेंटल. त्यांनी १९५५ मध्ये वायुकोशांच्या भिंतीत केशवाहिन्यांना लागून असलेले, व्हेगस नसेतून मेंदूला खबर देणारे रिसेप्टर शोधले, पुढं त्यांना जे-रिसेप्टर हे नाव पडलं. भिंतीत पाणी किंवा सूज साचली की हे चेतवतात आणि श्वास आपोआप उथळ आणि जलद होतो. दिल्लीच्या पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचं नाव ह्या माणसामुळं जगभर झालं, आणि आपल्याकडं किती जणांना ते माहितीय हा वेगळाच विषय.

तर मग काकूलाच का. पहिलं उत्तर साधं, डोसचं. काका दिवसभर शेतात, कूलरपुढं फक्त रात्री, तेही घरातल्या वेगळ्या कूलरपुढं. पण डोसनं सगळं सुटत नाही, कारण सून पण दुपारी दुकानात बसते आणि तिला काही नाही. कबुतर पाळणाऱ्यांत हे जुनं माहितीय, कित्येकांच्या रक्तात कबुतराविरुद्ध अँटिबॉडी सापडतात आणि माणूस मात्र धडधाकट. म्हणजे शरीरानं ओळखलं, पण आजार झाला नाही. बहुतेक लोकांत रेग्युलेटरी टी पेशी ह्या भांडणाला लगाम घालतात, एचपीच्या पेशंटमध्ये हा लगाम ढिला पडलेला दिसतो. गंमत म्हणजे सिगारेट ओढणाऱ्यांत एचपी कमी दिसतो, निकोटीन मॅक्रोफेजला मंद करतं म्हणतात, पण झालाच तर जास्त वाईट होतो, त्यामुळं हे वाचून कुणी विडी पेटवू नका.

मला जास्त रस पुढच्या भागात आहे, कारण माझं काम तेच आणि काकूच्या केसमध्ये खरी अडचण पण तीच. पहिले तीन उन्हाळे आजार परत फिरला. चौथ्याला फिरला नाही. मधे काय बदललं?

वायुकोशाच्या भिंतीत दोन जातीच्या पेशी असतात. टाइप-१ पातळ, पसरट, ९५ टक्के पृष्ठभाग त्यांनीच झाकलेला, वायूंची देवाणघेवाण त्यांच्यातून. टाइप-२ लहान, कोपऱ्यात बसलेल्या, सर्फॅक्टंट नावाचं वंगण बनवणाऱ्या, ज्याच्यामुळं वायुकोश मिटून चिकटत नाहीत. आणि त्यांचं दुसरं काम म्हणजे टाइप-१ मेल्या की स्वतः विभागून नवीन टाइप-१ तयार करणं. हे काकूला सांगितलं तर ती म्हणली, "म्हणजे उसवलेलं शिवायचं काम त्यांचं." बरोब्बर. दर उन्हाळ्यात उसवलं आणि दर पावसाळ्यात शिवलं गेलं. पण शिवणाऱ्या पेशीला मर्यादा असतात. प्रत्येक विभागणीत गुणसूत्रांच्या टोकाचे टेलोमिअर झिजतात, वय वाढतं तशा काही पेशी सेनेसंट होतात, म्हणजे मरत पण नाहीत आणि विभागत पण नाहीत, वरून आजूबाजूला दाहाचे संदेश सोडत बसतात. २०२० मध्ये फायब्रोसिस झालेल्या माणसांच्या फुप्फुसातली एकेक पेशी वेगळी वाचली गेली तेव्हा निरोगी फुप्फुसात सहसा न दिसणारी एक विचित्र जात सापडली, केआरटी१७ नावाचं प्रथिन असलेली, जी ना धड टाइप-२ ना धड टाइप-१. बहुतेकांचं मत असंय की ह्या दुरुस्तीच्या अर्ध्या वाटेत अडकलेल्या पेशी आहेत.

ह्या अडकलेल्या पेशी आणि जखमी अस्तर मिळून टीजीएफ-बीटा जागं करतात. हा रेणू भिंतीत आधीपासून निष्क्रिय स्वरूपात बांधून ठेवलेला असतो, अस्तराच्या पेशींवरचा αव्हीβ६ नावाचा इंटिग्रिन (पकड घेणारं प्रथिन) त्याला अक्षरशः ओढून मोकळा करतो. मोकळा झाला की फायब्रोब्लास्टचे (भिंतीचा सांगाडा बनवणाऱ्या पेशींचे) मायोफायब्रोब्लास्ट होतात, कोलॅजन नावाचे चिवट धागे ओततात, आणि भिंत घट्ट होते. आणि इथं एक दुष्टचक्र आहे जे आम्ही लॅबमध्ये रोज बघतो. निरोगी फुप्फुस मऊ असतं, साधारण २ किलोपास्कल, व्रण धरलेला भाग १५ च्या पुढं जातो. आमची प्लास्टिकची डिश लाखो पटीनं कडक, तिच्यावर निरोगी माणसाचे फायब्रोब्लास्ट नुसते वाढवले, काही औषध-बिषध न घालता, तरी ते मायोफायब्रोब्लास्टसारखे वागायला लागतात. कडकपणा हाच सिग्नल. म्हणजे एका हद्दीनंतर कूलर बंद केला तरी फुप्फुस स्वतःच्याच घट्टपणामुळं आणखी घट्ट होऊ शकतं. सीटीतले ते ताणून रुंद झालेले वायुमार्ग म्हणजे हीच खूण, आजूबाजूच्या व्रणानं त्यांना ओढून धरलंय.

वयाचा मुद्दा उंदरात पण दिसतो. ब्लिओमायसिन हे कॅन्सरचं औषध श्वासनलिकेत दिलं की उंदराला फायब्रोसिस होतो, तरुण उंदीर काही आठवड्यांत बऱ्यापैकी त्यातून बाहेर येतो, म्हातारा उंदीर येत नाही. बहुतेक लॅब आठ-दहा आठवड्यांची पोरसवदा उंदरं वापरतात कारण स्वस्त पडतात, आणि मग उंदरात चाललेलं औषध माणसात का चाललं नाही म्हणून डोकं खाजवत बसतात, हे माझं वैयक्तिक मत, माझ्या गाईडना सांगू नका.

वारशाचा भाग राहिला. २०११ मध्ये एमयूसी५बी ह्या जनुकाच्या सुरुवातीच्या भागातला एक बदल फायब्रोसिसशी जोडला गेला, नंतर तोच बदल आणि आखूड टेलोमिअर व्रण धरलेल्या एचपीतही आढळले. काकूची ही टेस्ट केली नाही, पैसे गेले असते आणि उपचार तेच राहिले असते. त्यात लग्नानंतरची वीसेक वर्षं पळाट्या-तुराट्यांच्या चुलीपुढं गेलेली, त्या धुराचा हिशोब कुठल्या रिपोर्टमध्ये येत नाही पण टाइप-२ पेशींनी तो भोगलेला असणार असं मला वाटतं. म्हणजे संतोषला मी दिलेलं उत्तर असं: बुरशी सगळ्यांनाच, लगाम ढिला काही जणांचा, आणि शिवणाऱ्या पेशी थकलेल्या त्यातल्याही काहींच्याच. काकूच्या वाट्याला तिन्ही एकत्र आलं.

उपचारात सगळ्यात मोठं औषध म्हणजे कूलर काढणं, आणि तेच सगळ्यात अवघड गेलं. "आता ४३ डिग्रीत पत्र्याखाली बसून शिवू का मी?" हा तिचा सवाल आणि तो रास्त आहे. शेवटी दुकानाच्या पत्र्यावर पांढरा चुना मारला, आतून छताला थर्माकोल लावलं, मशीन पुढच्या दाराशी आणली, घरात हप्त्यावर एक टनाचा एसी आला. लोखंडी कूलर भंगारात दिला. तरी मार्चमध्ये परत खोकला आला तेव्हा सगळे चक्रावले, मग लक्षात आलं की शेजारच्या मोबाईलवाल्याचा कूलर मधल्या खिडकीतून वारा इकडंच फेकायचा. त्याला जाऊन समजावलं, तो आधी म्हणला "काय बी काय सांगायलेत", मग खिडकी बंद करून घेतली.

औषधात प्रेडनिसोलोन ३० मिलिग्रॅमनं सुरुवात करून हळूहळू उतरवलं, त्यात साखर वाढली, तीही सांभाळावी लागली, स्टेरॉईड लांबू नये म्हणून मायकोफेनोलेट (प्रतिकारशक्तीला आवर घालणारं औषध) जोडलं. चार महिन्यांनी एफव्हीसी ५८ वरून ६७ वर, चालल्यावर ऑक्सिजन ९१. सीटीतला धूसरपणा बऱ्यापैकी गेला, रुंद झालेले वायुमार्ग तसेच. म्हणजे दाहाचा हिस्सा परत मिळाला, व्रणाचा नाही. त्यानंतरच्या टेस्टमध्ये ६६, म्हणजे थांबलंय.

घरच्यांचा पुढचा प्रश्न निन्टेडॅनिबचा, कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेलं. हे औषध फायब्रोब्लास्टला मिळणारे वाढीचे सिग्नल (पीडीजीएफ, एफजीएफ, व्हीईजीएफचे रिसेप्टर) अडवतं. २०१९ च्या इनबिल्ड चाचणीत ६६३ पेशंट होते, सगळे वाढत्या फायब्रोसिसचे आणि त्यातले साधारण चौथा हिस्सा एचपीचे, वर्षाला एफव्हीसी औषध नसलेल्या नकली गोळीवर (प्लासिबो) १८७.८ मिली घटली तर औषधावर ८०.८. म्हणजे घसरण मंदावते, गेलेलं परत येत नाही, आणि जुलाब बऱ्याच जणांना होतात. काकूची घसरण सध्या थांबलेली असल्यामुळं मॅडमनी ते आत्ता दिलेलं नाही, मला ते पटतं. फेब्रुवारीत, ऊन चढायच्या आधी, परत फुंकर टेस्ट आहे, एफव्हीसी ६० च्या आसपास उतरली किंवा सीटीत व्रण वाढले तर चालू करायचं असं ठरलंय.

आणि हो, संतोषला पण गेल्या दोन उन्हाळ्यांत मे महिन्यात खोकला असायचा हे त्यानं आत्ता सांगितलं, तेही सहज, जेवताना. त्याचा सीटी नॉर्मल आहे, फुंकर टेस्ट नॉर्मल आहे. दुकानातला गेला तरी घरातला जुना कूलर अजून माळ्यावरच आहे, काकांचा तो विकायला विरोध आहे.